एका मुलाभोवती जमलेली माणसे : मुंबईतील बालपुनर्वसनाची जडणघडण

१/
मुंबईत हाजी अलीच्या परिसरात, केशवराव खाड्ये मार्गावर, लहान मुलांचे एक रुग्णालय आणि केंद्र सरकारची एक पुनर्वसन संस्था आहे. दर्ग्याकडे किंवा महालक्ष्मीच्या देवळाकडे जाणाऱ्या गर्दीचे त्यांच्याकडे फारसे लक्ष जात नाही. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाचा भार एकट्या डॉक्टरला पेलत नाही, त्यासाठी अनेक जाणकारांनी एकत्र बसावे लागते, हा विचार भारतात ज्या मोजक्या ठिकाणी रुजला, त्यांपैकी हा परिसर एक. हे जाणकार एकाच वेळी आणि सरकारी आदेशाने जमले नाहीत. त्यांची जमवाजमव कशी झाली आणि कोणाच्या आग्रहाने झाली, त्याचा हा इतिहास.

२/
प्रथम प्रश्न असा की इतकी माणसे लागतातच कशाला? सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा नसलेल्या मुलाचे उदाहरण घ्यावे. त्याची मान सावरत नाही. मान नीट टेकवल्यावाचून भरवले, तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. आजारपणात वजन घटते, वजन घटले की व्यायामाची ताकद राहत नाही. मांडीचे स्नायू सतत ताठ राहिल्याने खुब्याचा सांधा हळूहळू निखळू लागतो. खुबा दुखू लागला की बसणे अवघड होते. बसता न येणाऱ्या मुलाला फळा दिसत नाही आणि शिक्षण खुंटते. ही सगळी एकच साखळी आहे. तिची प्रत्येक कडी वेगळ्या तज्ज्ञाच्या हाती असेल आणि ते एकमेकांशी बोलत नसतील, तर साखळी सुटत नाही.

३/
एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाला ही साखळी अर्धवट दिसत होती. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांचे स्वतःचे पाऊल बालपणीच्या आजाराने वाकडे झाले होते. जर्मनीत शस्त्रक्रिया करून घेऊन ते परतले आणि १८४० मध्ये त्यांनी अशा व्यंगांसाठी लंडनमध्ये रुग्णालय काढले. अवघड प्रसूती, जन्माच्या वेळी कोंडलेला श्वास आणि पुढे मुलाच्या अंगात येणारा ताठरपणा यांचा संबंध त्यांनी १८६१ मध्ये मांडला. दीर्घकाळ हा विकार ‘लिटलचा आजार’ म्हणूनच ओळखला गेला. कारण उमगले होते, तरी उपचाराचे मुख्य साधन शल्यचिकित्सकाची सुरीच होती. आखडलेला स्नायुबंध सैल करावा आणि मुलाला घरी पाठवावे, इथे वैद्यकाचे काम संपत असे.

४/
घरी गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न एका परिचारिकेने धसाला लावला. अ‍ॅग्नेस हंट स्वतः लहानपणापासून खुब्याच्या दुखण्याने अधू होत्या. १९०० मध्ये त्यांनी इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात, बासचर्च या खेड्यात, अशा मुलांसाठी एक घर उघडले. लिव्हरपूलचे प्रख्यात अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांच्याकडे त्या आधी रुग्ण म्हणून गेल्या. पुढे जोन्सच त्या खेड्यात शस्त्रक्रियांसाठी येऊ लागले. मुले उघड्या हवेत राहत आणि तिथेच शिकत. शुश्रूषा, शस्त्रक्रिया, शाळा आणि खेळ या गोष्टी एका छपराखाली आल्या.

५/
हंट यांची दुसरी सूझ अधिक महत्त्वाची ठरली. गरीब माता मुलांना तपासणीसाठी पुन्हा पुन्हा दूरवर आणू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिले. म्हणून १९०७ पासून आसपासच्या गावांत नंतरच्या देखभालीचे दवाखाने सुरू झाले. रुग्णालय रुग्णाच्या दिशेने चालू लागले. पहिल्या महायुद्धात जोन्स यांनी हाच अनुभव जखमी सैनिकांसाठी वापरला आणि लष्करी रुग्णालयांत उपचारांसोबत कार्यशाळा उभ्या राहिल्या. मुलांसाठी घडलेली पद्धत अशा रीतीने सैनिकांकडे गेली. पुढे तिचा सर्वाधिक विस्तारही सैनिकांसाठीच झाला, कारण त्यांच्यासाठी राज्यसंस्था पैसा मोजायला तयार होती.

६/
भारतातही क्रम असाच दिसतो. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४४ मध्ये पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. हातपाय गमावलेल्या सैनिकाला पुन्हा उभे करण्याची ती व्यवस्था होती. लहान मुलांसाठी मात्र तशी व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. पोलिओने लुळ्या झालेल्या मुलाच्या आईबापांपुढे मालिश, नवस आणि नशिबाला दोष देणे एवढेच मार्ग उरत.

७/
पोलिओच्या विषाणूचे वैशिष्ट्य ध्यानात घेतले म्हणजे या हतबलतेचे दुःख कळते. हा विषाणू मज्जारज्जूतील हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या पेशी मारतो, परंतु स्पर्शज्ञान आणि बुद्धी शाबूत ठेवतो. ताप उतरल्यानंतरच्या महिन्यांत काही स्नायूंत पुन्हा बळ येऊ शकते. त्या काळात योग्य व्यायाम आणि आधार मिळाला, तर बरेच काही वाचवता येते. तो मिळाला नाही, तर सशक्त स्नायू दुबळ्या स्नायूंवर मात करतात, सांधे वाकडे होऊन बसतात आणि वाढत्या वयात एक पाय आखूड राहतो. म्हणजे मुलाचे अपंगत्व केवळ विषाणू ठरवत नाही. नंतरच्या काळात त्याच्याजवळ कोण असते, यावरही ते ठरते.

८/
१९४० च्या दशकात मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या तीन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाला. फातिमाबाई राष्ट्रीय चळवळीशी जवळचे नाते असलेल्या घराण्यातल्या. काँग्रेसला मुक्तहस्ते अर्थसाह्य करणारे गिरणीमालक उमर सोबानी हे त्यांचे बंधू. मुलीसाठी त्यांनी अनेक डॉक्टरांचे उंबरे झिजवले. अखेर मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. एम. जी. किणी यांच्या उपचारांनी मुलीत सुधारणा दिसू लागली. सुधारणा शक्य आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावर फातिमाबाईंना दुसरी गोष्ट अस्वस्थ करू लागली. आपल्याजवळ पैसा, ओळखी आणि मद्रास गाठण्याइतकी सवड होती. ज्यांच्याजवळ यांतले काहीच नाही, त्यांच्या मुलांचे काय?

९/
स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ मध्ये, फातिमाबाईंनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. विख्यात शल्यचिकित्सक डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी त्यासाठी चौपाटीवरील आपली जागा दिली. त्याच वर्षी ‘सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन’ ही संस्था जन्मली. आज त्या नावातील शेवटून दुसरा शब्द कानाला टोचतो. त्या काळचा नवा शब्द मात्र ‘रिहॅबिलिटेशन’ हा होता. फाळणीच्या त्या वर्षात ‘पुनर्वसन’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे निर्वासितांच्या छावण्या येत. मुलाला त्याच्याच शरीरात आणि त्याच्याच घरात पुन्हा वसवायचे असते, ही कल्पना अपरिचित होती. याच संस्थेचे बालअस्थिरुग्णालय पुढे हाजी अलीजवळ उभे राहिले. २०१७ पासून त्या जागी मुलांचे आधुनिक रुग्णालय चालते.

१०/
जागा मिळाली, डॉक्टरही मिळाले. उणीव होती ती शिकलेल्या हातांची. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते, पण त्यानंतर महिनोन्महिने मुलाच्या सांध्यांना हालचाल देणारे कोणीतरी लागते. देशात फिजिओथेरपीचे शिक्षण मिळत नव्हते. जे थोडे जाणकार होते, ते परदेशांत शिकलेले होते. ही उणीव १९५० च्या दशकाच्या प्रारंभी परळच्या केईएम रुग्णालयात भरून निघू लागली. मुंबई राज्य सरकार, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने तिथे फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले.

११/
त्याआधीच, १९५० मध्ये, केईएममध्ये आणखी एका विद्येने पाय रोवला होता. तिचे नाव ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. ही शाळा स्थापन करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन. पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी, न्यू जर्सीतल्या, क्वेकर संस्कारांत वाढलेल्या. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या वयात त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात हे शास्त्र रीतसर शिकल्या आणि परत येऊन त्यांनी ते भारतात रुजवले. फलटणच्या शेतीसंशोधनाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते बनबिहारी निंबकर हे त्यांचे पुत्र आणि लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई.

१२/
‘व्यवसाय’ या शब्दाने अनेकांची दिशाभूल होते. इथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे. माणूस दिवसभरात जे जे करतो, ते सर्व त्यात येते. मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, जेवणे, सदऱ्याची बटणे लावणे, पाटीवर रेघ ओढणे. फिजिओथेरपिस्ट हाताची ताकद मोजतो, तर व्यवसायोपचारतज्ज्ञ त्या हाताने मुलाला घास घेता येतो का हे पाहतो. चमच्याची मूठ जाड केली, ताट घसरू नये म्हणून त्याखाली ओला कपडा घातला, तर दुबळा हातही जेवू शकतो. उपाय साधे असतात, पण ते सुचण्यासाठी शास्त्र शिकावे लागते. १९५२ मध्ये या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा भारत तिच्या दहा संस्थापक देशांपैकी एक होता. १९५८ मध्ये नागपुरातही व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले.

१३/
१९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तांत्रिक साहाय्याने हाजी अलीजवळ एक प्रायोगिक केंद्र सुरू झाले. तेच पुढे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था म्हणून वाढले. अशा संस्थांमुळे चमूत आणखी एक मोलाचा माणूस आला : कॅलिपर, बूट आणि कृत्रिम अवयव घडवणारा कारागीर. मुलांच्या बाबतीत त्याचे काम कधीच संपत नाही. मूल वाढते, पाय लांबतो आणि काही महिन्यांपूर्वी बेतशीर बसलेला कॅलिपर बोचू लागतो. बोचणारा कॅलिपर मूल वापरत नाही, मग तो पलंगाखाली जातो आणि वर्षभराची मेहनत वाया जाते. चामड्याचा पट्टा कुठे काचतो हे विचारणाऱ्या माणसाचे मत शल्यचिकित्सकाच्या मताइतकेच मोलाचे असते, हे चमूला अनुभवातून शिकावे लागले.

१४/
याच दशकात जगभर वैद्यकासमोर नव्या प्रकारचे रुग्ण येऊ लागले. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांची रीघ लागली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेनुसार श्वासनलिकेत नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबून, त्यांना श्वास देण्यात आला. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे काम केले. थोड्याच वर्षांनी फिलाडेल्फियात जॉन होल्टर या तंत्रज्ञाने, मेंदूत पाणी साचलेल्या आपल्या बाळासाठी झडप तयार केली. डॉक्टर युजीन स्पिट्झ यांच्यासोबत त्याने घडवलेल्या या झडपेने पुढे असंख्य मुलांचे प्राण वाचवले. पूर्वी दगावणारी मुले आता जगू लागली. त्यांना नळ्या, झडपा, यंत्रे आणि आयुष्यभराची देखरेख लागणार होती. प्राण वाचवणे ही आता केवळ सुरुवात होती.

१५/
मुंबईत या नव्या गरजेला रूप मिळाले १९७२ मध्ये. मिठू अलूर यांची कन्या मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी. इंग्लंडमध्ये तिला उपचार आणि शिक्षण दोन्ही लाभले होते. मुंबईत परतल्यावर अशा मुलीला घेणारी शाळाच सापडेना. कुलाब्यात अवघ्या तीन मुलांना घेऊन अलूर यांनी केंद्र सुरू केले आणि त्यातून ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली. अभिनेत्री नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. शिक्षण आणि उपचार एकाच जागी, हे या केंद्राचे वेगळेपण. वाचा, हालचाल, बुद्धी आणि भावना यांचे जाणकार इथे वर्गशिक्षिकेसोबत काम करू लागले. मूल आधी ‘बरे’ होईल आणि मग शाळेत जाईल, ही अट इथे गळून पडली.

१६/
माणसे एका छपराखाली आली म्हणजे चमू झाला, असे मात्र नाही. या शास्त्रात काम करण्याच्या तीन रीती सांगतात. पहिलीत प्रत्येक तज्ज्ञ मुलाला स्वतंत्रपणे तपासतो आणि आपापला कागद फाइलीत लावतो. दुसरीत सर्व जण एकत्र बसून एकच उद्दिष्ट ठरवतात : ‘सहा महिन्यांत हे मूल आधाराने बसून स्वतःच्या हाताने जेवेल.’ तिसरीत तज्ज्ञ आपले कौशल्य परस्परांना शिकवतात आणि मुलाजवळ मुख्यतः एकच परिचित व्यक्ती राहते. पहिल्या रीतीत आईच्या हाती पाच जणांचे पाच व्यायाम पडतात. ते सगळे करायचे तर दिवस पुरत नाही आणि न करावे तर अपराधी वाटते. आईचा दिवस किती तासांचा आहे हे ज्या बैठकीत विचारले जाते, तीच चमूची खरी बैठक.

१७/
कायद्याने हा विचार स्वीकारायला बराच वेळ घेतला. पुनर्वसन व्यावसायिकांच्या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेला १९९२ मध्ये कायद्याचा आधार मिळाला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सेरेब्रल पाल्सीची व्याख्या केली. १९९९ मध्ये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता अशा स्थितींसाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. ‘आमच्यामागे या मुलाचे कोण?’ हा आईबापांचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ पर्यंत नेले. दरम्यान, ज्या आजाराने ही सगळी कहाणी सुरू झाली तो पोलिओ भारतातून हद्दपार झाला होता. १३ जानेवारी २०११ रोजी नोंदलेला रुग्ण वन्य विषाणूचा अखेरचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

१८/
अ‍ॅग्नेस हंट यांनी १९०७ मध्ये हेरलेला प्रश्न मात्र कायम आहे. चमू मुंबईत आणि मूल गडचिरोलीत किंवा कोकणातल्या एखाद्या वाडीवर, तर त्या चमूचा उपयोग काय? त्यावर उत्तर म्हणून १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाचा मार्ग पुढे आणला. गावातल्या माणसांनाच आवश्यक कौशल्ये शिकवावीत, हा त्याचा गाभा. भारतात २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना आली. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, दृष्टितपासनीस, विशेष शिक्षक आणि समाजसेवक एकाच केंद्रात असावेत, अशी तिची रचना. पण यांतले एक पद जरी रिकामे राहिले, तरी आरंभी पाहिलेल्या साखळीची एक कडी मोकळी पडते आणि ती सांधण्याचे काम पुन्हा मुलाला कडेवर घेऊन एसटीची वाट पाहणाऱ्या आईवर येते.

१९/
फातिमा इस्माईल १९७८ ते १९८४ या काळात राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या. त्यांच्यापासून मिठू अलूर यांच्यापर्यंत या इतिहासाला वळण देणाऱ्या व्यक्तींमध्ये माता ठळकपणे दिसतात, आणि तिकडे होल्टरच्या रूपाने एक पिताही. साऱ्या तज्ज्ञांचे म्हणणे एकत्र ऐकणारे माणूस बहुधा घरातलेच असते, म्हणून चमूची गरजही आधी त्यालाच कळली. एका व्यक्तीचे मत मात्र कित्येक दशके कोणी विचारलेच नव्हते, ती म्हणजे ते मूल. कुलाब्यातील केंद्र जिच्यासाठी उघडले, त्या मालिनी छिब पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या आणि लंडनमध्ये त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. एका बोटाने टंकलिखित केलेल्या त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘वन लिटल फिंगर’ आहे. ज्यांच्याविषयी बाकीचे सगळे बोलत होते, त्यांच्यातली एक जण त्या पुस्तकातून स्वतः बोलू लागली.